अप्पांचं न्हाणं

स्ट्रॉबेरीचं शेत, मिक्केलीजवळ, फिनलंड
३ ऑगस्ट २०२५

अक्का,

फोन करू नकोस, अप्पांना पलंगावरून सगळं ऐकू येतं, काय ते लिहून कळव, असं म्हणालीस. घे, लिहितोय. पीयूसीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या माणसाकडून मेल लिहून घेतेयस, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढल्यास तर हे तिथंच बंद.

पहिली गोष्ट. अप्पांच्या पाठीचा फोटो पाठवलास, तसले फोटो मला पाठवायचे नाहीत. मी वाफ्यात वाकलेलो, हात लालभडक, फोन वाजला म्हणून उघडला तर समोर ते. शेजारी व्हिएतनामचं एक पोरगं असतं, त्यानं डोकावून पाहिलं आणि विचारलं, कोण भाजलं? काय सांगू त्याला? माझे वडील आंघोळ करत नाहीत म्हणून सांगू?

दुसरी गोष्ट. "तू पळून गेलास" हे पुन्हा म्हणायचं नाही. मी पळालो नाही, मला मारून हाकललंय. उगादीला अप्पांना न्हाऊ घालायचं, हे पहिल्यांदा कोण म्हणालं? तू म्हणालीस? आत्या म्हणाली? मी म्हणालो. मी उठून न्हाणीतला हंडा पेटवला, डोळ्यांत धूर घेतला, शिकेकाई भिजवली, तेल कोमट केलं, अप्पांना धरून आत आणलं. आणि त्यांनी काय केलं? पितळी लोटा उचलला आणि माझ्या तोंडावर फेकला. उजवं अंग लुळं पडलेला माणूस, डाव्या हातानं! नेम बघ! माझी एक भुवई अजून अर्धीच आहे. इथे विमानतळावरचा साहेब फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत बसला होता.

बेंगळुरात कोरमंगल्याला डिलिव्हरी करत होतो तेव्हासुद्धा लोकांनी शिव्या दिल्या, पण भांडं कुणी फेकून मारलं नाही.

इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. झोप लागत नाही, मग मी रस्त्यानं चालत सुटतो. परवा एक मोठ्या शिंगांचं जनावर रस्त्यात उभं होतं, मला बघून हललं पण नाही, मीच बाजूनं गेलो. ते जाऊ दे.

शेताचा मालक एस्को, पन्नाशीचा असेल, त्यानं मला त्यांच्या तळ्याकाठच्या जुन्या सौनात बोलावलंय. बाकीच्या पोरांना नाही, मलाच, कारण मी त्याच्या म्हाताऱ्या वडिलांची चाकांची खुर्ची एकदा चिखलातून उचलून आणली. सौना म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, गरम खोली, वाफ, घाम, मग आंघोळ. म्हणजे न्हाणीच की! हंड्याच्या पाण्यानं वाढलेल्या पोराला हे लोक गरम आंघोळ शिकवणार. आत्यानं बॅगेत कोंबलेली तिळाच्या तेलाची बाटली अजून उघडलेली नाही. आता उघडतो.

शौर्य


आनेकल
१० ऑगस्ट २०२५

शौर्या,

फोटो पाठवू नको म्हणतोस. सरी, बरं. मग वाच.

उगादीपासून अप्पांच्या अंगावर पाणी पडलेलं नाही. ओल्या फडक्यानं पुसते तेवढंच, आणि तेही शर्टाबाहेर जेवढं दिसतं तेवढंच, बटणाला हात लावला की हात झटकतात. सगळ्या पाठीवर घामोळं उठलंय, ते एका हातानं भिंतीवर घासून घासून जखमा झाल्यात. त्यात साखरेचं दुखणं. डॉक्टरांनी शर्ट वर करून पाहिलं, तेव्हाच तो फोटो काढला, आणि ते माझ्यावर ओरडले. म्हणाले, मलम काय मळावर लावता? आधी अंग धुवा. चिघळलं तर ऍडमिट करावं लागेल, मग बसा रडत.

आंघोळ घालायला एक माणूस ठेवला, विश्वेश्वर नावाचा, शांत, हसतमुख. अप्पांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "परका माणूस न्हाऊ घालतो तो मढ्याला. मी मेलो की ये." जीभ जड झालीय, पण हे वाक्य एकदम स्पष्ट आलं. मग मी म्हटलं, मी घालते. तर भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवण बंद. लेकीच्या हातनं! आत्याला वाटतं मी त्यांचा अपमान केला. सकाळी त्यांचं सगळं करून मी बसला लटकत सिल्क बोर्डला, तिथून बस बदलून मारतहळ्ळीला ऑफिसात, दिवसभर दुसऱ्यांचे पगार काढायचे, पुन्हा परत, आणि दारात आत्या उभी, "काय गं, आजपण पुसूनच?"

आता तुझ्या उगादीबद्दल. गोष्ट सांगतोस तर पुरती सांग. लोटा सांगितलास. हातमोजे नाही सांगितलेस.

निळे, रबरी, हॉस्पिटलातून आणलेल्या डब्यातले. आणि तोंडाला मास्क. बापाच्या डोक्याला तेल लावायला! मी दारात टॉवेल घेऊन उभी होते शौर्या, मी पाहिलंय. अप्पांनी आधी तुझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लोटा शोधला.

ज्या माणसानं आपल्याला दर उगादीला, दर दिवाळीला मांडीवर घेऊन तेल चोळलं, पिठाच्या गिरणीतून आलेले ते पांढरे हात आधी तीनतीनदा धुऊन, त्या माणसाला तू असा हात लावायला गेलास.

आणि एवढं होऊन ते काय म्हणतात? "शौर्य येईल तेव्हा न्हाईन." मला म्हणतात. मी समोर उभी असताना.

हंगाम संपला की ये. येणार नसशील तर तसं लिही, मी त्यांना तसं सांगते. मग त्या पाठीचं जे व्हायचं ते होईल.

स्मृती


मिक्केलीजवळ
१७ ऑगस्ट २०२५

अक्का,

हातमोजे मी हौसेनं घातले नव्हते. डिस्चार्जच्या वेळी त्या हॉस्पिटलातल्या बाईनं डबा हातात दिला आणि सांगितलं, पेशंटला हात लावताना वापरा. पेशंट, म्हणाली. मी वापरले. कधी नव्हे ते कुणी सांगितलेलं ऐकलं, त्याचं हे बक्षीस.

माझं डोकं तापलंय तुझ्या मेलमुळे आणि अंगाची अजून आग होतेय काल झाल्या प्रकारानं, दोन्ही एकदम सांगतो.

काल शनिवार. मी संध्याकाळी आमच्या खोलीत कपडे काढून पद्धतशीर तेल लावलं. डोक्याला, पाठीला, बोटांच्या बेचक्यांत, कानात दोन थेंब. आपल्याकडे लावतात तसं, अंगावर मुरायला वेळ देऊन. व्हिएतनामचं पोरगं नाक धरून बाहेर गेलं. आंजनेयाच्या मूर्तीसारखा चकचकीत होऊन, कमरेला टॉवेल गुंडाळून मी तळ्याकडे निघालो. रस्त्यात एस्कोची बायको भेटली, तिनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तो सौना म्हणजे जाड ओंडक्यांची खोपटी आहे. धुराडं नाही. आत दगडांचा ढीग रचलेला, त्याखाली सकाळपासून लाकडं जाळतात, धूर आतच कोंडतो, मग आग विझवतात, धूर बाहेर काढतात आणि उरलेल्या उष्णतेत जाऊन बसतात. त्यामुळे आत सगळं काळं. भिंती काळ्या, आढं काळं. हाताएवढी एक खिडकी, तीही काजळीनं भरलेली. दिवा नाही. आत गेल्यावर मला माझे पाय दिसेनात.

टॉवेल बाहेर ठेव म्हणाला एस्को. सगळं बाहेर. मी म्हटलं चड्डी? म्हणाला, चड्डीला कशाला आंघोळ? बरं, काढली.

पायऱ्यांसारख्या फळ्या होत्या. मला पाहुणा म्हणून सगळ्यात वर पाठवलं, तिथं सगळ्यात गरम. मी बसलो आणि तेलामुळे सुर्रकन घसरलो, खालच्या फळीवर आपटलो, सावरायला भिंत धरली. पुन्हा चढलो. मग एस्कोच्या वडिलांनी, त्यांचं नाव ताउनो, पळीनं दगडांवर पाणी टाकलं. आवाज झाला नाही म्हणावं इतका हळू, पण ती वाफ आली ना अक्का! दिसत नाही, नुसती येऊन अंगाला मिठी मारते. त्यांना ती मिठी, मला कढई. अंगावरचं तेल तापलं. डोक्यावरचं तेल ओघळून डोळ्यांत गेलं. वडा तेलात सोडल्यावर त्याला काय वाटत असेल ते मला समजलं. "अय्यो!" म्हणून मी किंचाळलो.

एस्कोनं फळीवर हात फिरवला, वास घेतला आणि भडकला. "तेल? माझ्या आज्याच्या फळ्यांवर तेल?" लाकडात मुरलं की निघत नाही म्हणे, पेट घेईल म्हणे. मी पण गप्प बसतोय का? डोळे मिटलेले, अंगाची लाही, मी ओरडलो, "आमच्याकडे तेल न लावता घेतात ती आंघोळच नाही! तुम्हालाच येत नाही आंघोळ!" माझं इंग्रजी तुला माहीत आहे, पण रागात बरं येतं.

तेवढ्यात टक्क असा आवाज. ताउनोंनी पळी फळीवर आपटली होती. एकच शब्द बोलले, हळू. आणि तो पन्नाशीचा घोडा शाळेतल्या पोरासारखा गप्प. नंतर त्यानं मला सांगितलं की सौनात आवाज चढवायचा नाही. ताउनो त्याच खोपटीत जन्मले. त्यांच्या आईला शेवटची आंघोळ तिथेच घातली. देवळात कसं कुणी भांडत नाही, तसं. आपल्याकडे देवळातच भांडतात हे मी त्याला सांगितलं नाही.

बाहेर उजेडात आलो तर मी काळाकुट्ट. तेलावर भिंतीची सगळी काजळी चिकटलेली, दात आणि डोळे तेवढे पांढरे. ताउनो मला बघून इतके हसले की एस्कोला त्यांना धरावं लागलं. तळ्यात उडी मारली, पाणी बर्फासारखं, श्वास गेला, वर आलो, काजळी तशीच. राग इतका आला की मी तिथंच पाण्यात उभा राहून मराठीत, कन्नडात, येतील तेवढ्या शिव्या दिल्या. तेलाला, थंडीला, आत्याला. मग साबण लावून लावून कातडं सोललं.

मी खोलीवर निघालो होतो. एस्को म्हणाला, आता नीट ये. गेलो. का गेलो कुणास ठाऊक.

तिथं जे झालं ते सांगू नये असं वाटत होतं. ताउनोंचं खुब्याचं हाड मोडलेलं आहे, चालता येत नाही. एस्को त्यांना काखेत धरून आत आणतो, खालच्या फळीवर बसवतो आणि न्हाऊ घालतो. पाठ, काखा, पायाची बोटं, सगळं. नुसत्या हातानं. बोलणं काय चाललंय, तर ट्रॅक्टरचं. मला दोन शब्द कळले, ट्रॅक्टर आणि मूर्ख. कुणी कुणाकडे बघत नाही. बघणार काय, सावल्यांपलीकडे काही दिसतच नाही! मग एस्को पाणी आणायला तळ्याकडे गेला, तर म्हाताऱ्यानं अंधारात चाचपडून माझा हात पकडला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला. म्हणजे चोळ. चोळली मग पाठ. नाही कसं म्हणणार?

आता तू म्हणशील बघ, ते लोक कसे. म्हणूच नकोस. त्यांना अंधार आहे. आपल्या न्हाणीत अप्पांनी स्वतः शंभराचा बल्ब लावलाय, गिरणीत लावायचे तसला. उगादीला त्या बल्बाखाली मी त्यांना पाहिलं, आणि मी कसा पाहतोय हे त्यांनी पाहिलं. हातमोजे नसते तरी लोटा आला असता. त्यांना माझ्या हाताचा नाही, माझ्या डोळ्यांचा राग होता, आणि डोळ्यांना काय घालणार होतो मी?

मी येत नाही. सप्टेंबरात एका मित्राबरोबर बोटीनं एस्टोनियाला जातोय, तिथे सफरचंदं काढायला माणसं हवीत. अप्पांना तसं सांग.

शौर्य


आनेकल
२० ऑगस्ट २०२५

शौर्या,

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं. "चोळली मग पाठ" इथवर आले आणि इतक्या जोरात काहीतरी बोलले की कंडक्टरनं मागे वळून विचारलं, एन् आयतु मेडम?

काय झालं ते सांगते. माझ्या भावानं सात समुद्रांपलीकडे एका परक्या म्हाताऱ्याची पाठ उघड्या हातानं चोळली. त्या म्हाताऱ्याला मागावंही लागलं नाही, नुसता हात धरला. इथे त्याचा बाप पाठ भिंतीवर घासतोय, आणि दार वाजलं की मान वळवतोय.

वर मला बल्बाचं कारण सांगतोस! बल्बामुळे! शंभराच्या बल्बाला भिऊन माणूस फिनलंडला गेला!

जा एस्टोनियाला. सफरचंदं काढ. त्यांच्याकडेपण म्हातारे असतील, त्यांच्या पाठी चोळ. मला लिहू नकोस. अप्पांना मी काहीही सांगणार नाही, तुझी निरोप्या व्हायला मी जन्मलेली नाही.

स्मृती


मिक्केलीजवळ
३१ ऑगस्ट २०२५

अक्का,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहिलं नाही. आता गौरी-गणपतीही होऊन गेले असतील. सणाचासुद्धा एक मेसेज नाही, ही कुठली पद्धत?

रागावायचा हक्क काय तुझ्या एकटीचा आहे? तू थोरली, तू शिकलेली, तू घरी राहिलेली, म्हणून राग पण तुझाच? मला तर कुणी विचारलंच नाही कधी. गिरणीत बस म्हणाले, बसलो, पट्ट्यात बोट जाता जाता वाचलं, तर लक्ष नसतं म्हणाले. नसतंच माझं लक्ष. आत्ता हे लिहितानाही खिडकीबाहेर एस्को शिडी घेऊन कुठे निघालाय ते बघतोय.

एस्कोनं मला सौनाच्या फळ्या घासायला लावल्या. शिक्षा. राख आणि साबण. गुडघ्यांवर बसून घासतोय आणि ताउनो बाहेर खुर्चीत बसून दारातून बघतायत, मधेच हसतायत. तेलाचा डाग गेला नाही. मी बसलो होतो तिथं माझ्या बुडाची खूण कायमची उमटलीय. एस्को म्हणतो, माझी नातवंडं विचारतील हे कोण.

आत्याला फोन लावला काल. "कसे आहेत अप्पा?" म्हटलं तर, "देवाच्या मनात असेल तसं," म्हणाली आणि ठेवला. याचा अर्थ काय? ऍडमिट केलंय का? पुन्हा लावला तर उचलत नाही. तू उचलत नाहीस. मी म्हणालो होतो फोटो पाठवू नकोस, ते सोड. पाठव. पाठीचा पाठव, आज काढलेला.

बोट परवा सुटते. मित्र बॅग भरून बसलाय, माझी अजून पलंगाखाली आहे. उत्तर दे अक्का. शिव्या दे, पण उत्तर दे.

शौर्य


आनेकल
१४ सप्टेंबर २०२५

शौर्या,

तू एस्टोनियात आहेस की कुठे मला माहीत नाही. फोटो पाठवत नाही. त्याऐवजी हे वाच.

ताप भरला होता त्यांना, गणपतीच्या आदल्या दिवशी. जखम लाल झालेली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ताप उतरला, पण म्हणाले पुढच्या वेळी मी घरी ठेवणार नाही. आत्याचं ते "देवाच्या मनात" म्हणजे हे होतं. गणपतीला मी सोवळ्यानं नैवेद्य केला आणि अप्पांना पुसलं, सणाच्या दिवशी, पुसलं नुसतं. त्यांनी एकदाच विचारलं, "पत्र आलं?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलले. मग अंथरुणावर पडून तुझं ते खोपटीचं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. चुका काढायला घेतलं होतं, उगीच मोठं मन करून सांगत नाही. राग ताजा ठेवायला काहीतरी लागतं.

काल मला सुट्टी होती. आत्या दुपारी तिच्या भजनाला गेली. मी हंडा पेटवला. स्टुलावर चढून तुझा तो शंभराचा बल्ब काढला. न्हाणीच्या झरोक्यात गव्हाचं पोतं ठोकलं, दाराच्या फटीत फडकी कोंबली. आत उभी राहिले तर माझा हात मला दिसेना, नुसती चुलीतली लाल रेघ, तीपण राखेखाली दडपली. तेल तापवून ठेवलं. मग बाहेर येऊन अप्पांना म्हटलं, "पाणी तापलंय. आत अंधार आहे, काही म्हणजे काही दिसत नाही. तुम्ही मला काही विचारायचं नाही, मी काही बोलायची नाही."

माझा आवाज चढलेला होता. विनवणी केली असती तर ते पुन्हा भिंतीकडे वळले असते.

ते बसून राहिले. मला वाटलं, संपलं. मग डावा हात पुढे केला.

आत नेलं, पाटावर बसवलं, पंचा त्यांनी स्वतः एका हातानं गुंडाळून घेतला, मी तोंड फिरवून उभी, अंधारातपण. मी वाटीतलं तेल हातावर घेतलं. हात लावायचं धाडस होईना. तेव्हा ते म्हणाले, "शौर्या, आधी टाळूवर."

मी इतकी चिडले ना! तोंडापर्यंत आलं होतं, की शौर्य नाही इथे, शौर्य दुसऱ्यांच्या पाठी चोळतोय, ही मी आहे, रोज बस बदलून येणारी! पण एक शब्द बोलले असते तर सगळं मोडलं असतं. दात आवळले आणि टाळूवर तेल घातलं. "शौर्या, कानामागे." घातलं. "शौर्या, स्वल्प जोरात चोळ, पोटात भात नाही का?" चोळलं. एवढे दिवस बटणाला हात लावू न देणारा माणूस, आणि आता हुकूम! मग पाठीवर हात गेला. सगळी पाठ खडबडीत, मधे मधे ओली. मी हळूहळू लावत गेले. राग हातात उतरू नये म्हणून मनातल्या मनात तुला शिव्या देत होते, त्यानं हात हलका राहतो, करून बघ.

आणि गौरीला आत्यानं घातलेला हिरवा चुडा माझ्या हातात. काढायचं लक्षातच नाही. दंडाला तेल लावताना खणखण वाजला. मी थिजले. आता लोटा येणार, म्हणून डोळे मिटून घेतले.

अप्पांचा लोटा आला नाही. मग म्हणाले, "शौर्या, बांगड्या काढून ठेव. तेलात फुटतील, हाताला लागेल."

मी काढल्या. कोपऱ्यात ठेवल्या. मग गरम पाणी घातलं, तांब्यावर तांब्या, हंडा रिकामा होईपर्यंत. ते मधेच "आई गं" म्हणाले, पण दुखलं म्हणून नाही.

बाहेर आणून कोरडं धोतर दिलं, पाठीला मलम लावलं. आता खाली मळ नव्हता. पलंगावर टेकले आणि मला म्हणतात, "तू कधी आलीस?" मी म्हटलं, "आत्ताच." म्हणाले, "चहा टाक."

म्हणून हे लिहितेय. ते पुन्हा न्हायला तयार आहेत, शनिवारी. पण मी काय दर शनिवारी तुझं नाव घेऊन आत जाऊ? कष्ट माझे, बांगड्या माझ्या, आणि न्हाऊ घातलं कुणी, तर शौर्यनं! मला याचा इतका संताप येतो की रात्री उठून पाणी पिते. तुझं नाव तू घेऊन जा इथून, नाहीतर या नावाच्या माणसानं जे करायचं ते येऊन कर.

स्मृती


मिक्केलीजवळ
१६ सप्टेंबर २०२५

अक्का,

एस्टोनियाला गेलो नाही. बोट सुटली तेव्हा मी फळ्या घासत होतो.

माझं नाव वापरायला तुला कुणी सांगितलं? मला विचारलंस? माझ्या नावानं टाळूवर तेल घातलंस, माझ्या नावानं शिव्या खाल्ल्यास, पोटात भात नाही का हे मला म्हणायचं होतं त्यांनी, माझ्या तोंडावर. ते तू ऐकून घेतलंस. तुझं मेल मी एस्कोला वाचून दाखवत होतो, इंग्रजीत करून, बांगड्यांपर्यंत आलो आणि मला पुढचं इंग्रजी येईना. तो म्हणाला, जा. ताउनोंनी मला बर्चच्या झाडाच्या डहाळ्यांची एक सुकी जुडी दिलीय, हिनं पाठीवर हलकं मारून घ्यायचं. ती अप्पांना चालेल की नाही, बघू.

दिवाळीच्या आत पोचतो. घरी कुणाला सांगायचं नाही, आत्याला तर नाहीच. बल्ब लावू नकोस, पोतं काढू नकोस, हंडा पेटव आणि बाजूला हो. मी मागच्या दारानं येऊन आत अंधारात बसतो. तू त्यांना नेहमीसारखं घेऊन ये आणि सोड. मी काही बोलणार नाही, ते पण विचारणार नाहीत. उघड्या हातानं टाळूवर तेल घालीन आणि ऐकेन ते कुणाचं नाव घेतात.

"स्मृती" म्हणाले ना, तर या वेळी लोटा मी फेकीन.

शौर्य